ऋतुजाबाई दारात येतात तेव्हा

बोरनांद नगरपरिषदेच्या सभागृहात सगळं बोरनांद एका टेबलावर मावलं होतं. बारा फुटी काच आणि तिच्याखाली उजेडानं काढलेलं गाव: बसस्थानक, जिनिंगच्या आवारातल्या कापसाच्या गंज्या, रेल्वेचे रूळ, रुळांपलीकडची गादीवाल्यांची वस्ती, चौऱ्याऐंशी हजार माणसांची घरं. बाहेर एप्रिलचं सत्तेचाळीस अंशांचं ऊन होतं. काचेखालच्या गावातही या क्षणी सत्तेचाळीसच अंश होते आणि तिथलीही माणसं कूलर लावून आडवी झाली होती.

या गावाला प्रतिनगर म्हणत. खऱ्या गावातल्या प्रत्येक घराची वायर किती जुनी, भिंत किती तापते, गॅसची नळी कधी बदलली, कापूस कुठे रचलाय, दूध उतू जाईपर्यंत कोण फोनवर बोलत बसतं, हे सगळं वीजमीटर आणि उपग्रह मिळून त्याला कळवत असत. मग संगणक येणारे तीन उन्हाळे घडवून बघायचा. एकदा नाही, एक लाख वेळा, दरवेळी थोडे वेगळे. बहुतेक घरं त्या लाखात कुठे दोन-चारदा जळत. काही घरं मात्र सत्तर-ऐंशी हजार वेळा जळत. त्या घरांवर लाल ठिपका उमटायचा.

अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांचा निधी या ठिपक्यांवर ठरू लागला, तेव्हा नगरसेवकांनी हात वर केले. एका वस्तीला बंब द्यायचा म्हणजे दुसरीला नाही म्हणायचं, आणि तेही ठिपके समोर दिसत असताना. म्हणून कायद्यानं ते काम सात साध्या नागरिकांच्या सल्लागार गटाकडे दिलं. नावं सोडतीनं निघत. ठिपका कुठे आहे हे बाहेर सांगितलं तर तुरुंग.

यंदाच्या सोडतीत ऋतुजा तायडे यांचं नाव निघालं. वय चौपन्न. तीस वर्षं त्यांनी बोरनांदात टपाल वाटलं होतं, पेन्शन पोचवली होती, औषधांची पाकिटं दिली होती. बाकीच्या सहा जणांना काचेखाली छपरं दिसत होती. ऋतुजाबाईंना माणसं दिसत होती.

"दोन प्रस्ताव आहेत," डॉ. अर्णव सावजी म्हणाले. प्रतिनगर सांभाळणारे हे शास्त्रज्ञ एक्केचाळीस वर्षांचे, बोलण्यात मऊ होते. "नवं केंद्र जिनिंगपाशी केलं तर तीन वर्षांत एकतीस जीव वाचतात. रुळांपलीकडे केलं तर चार. निधी एकाच केंद्रापुरता आहे."

"हे इतकं नक्की कसं सांगता?" ऋतुजाबाईंनी विचारलं.

"बाई, एखाद्या दिवशी एक पत्र उशिरा का आलं, ते तुम्ही सांगू शकणार नाही. पण एका गल्लीत तीस वर्षं पत्रं उशिराच पोचत असतील, तर उद्याचंही उशिरा येणार हे तुम्ही न बघता सांगाल. आम्ही तेच करतो. फक्त तीस वर्षांऐवजी एक लाख वेळा."

रुळांपलीकडे एकच ठिपका होता. शेवटच्या गल्लीत, कोपऱ्यावरचं, पुढे पत्र्याची पडवी असलेलं घर. ऋतुजाबाईंनी काचेवर बोट टेकवलं. "हे गुणवंत ढोकांचं. गादीवाले. मुलगा, सून, नातू आणि ते. चौघंच आहेत."

सावजींनी मान खाली घातली.

"त्यांना सांगून का टाकत नाही?"

"सांगून पाहिलं. प्रतिनगरात." त्यांनी काचेच्या कडेला बोट फिरवलं, आणि गल्लीत तीन नवे ठिपके पेटले. "ढोक घर सोडतात. त्यांचं घर कुणीतरी भाड्यानं घेतं, कापसासकट. बाकीचे म्हणतात, आम्हाला सांगितलं नाही म्हणजे आम्ही सुरक्षित, आणि निर्धास्त होतात. सगळ्यांना सगळं सांगितलं तर गावात पळापळ. आकडा नेहमी वाढतोच."

मतदान झालं. एकीकडे एकतीस जीव, दुसरीकडे चार. ऋतुजाबाईंनीही हात वर केला. दुसरं काय करणार होत्या?

घरी जाऊन त्यांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या रेल्वे फाटक ओलांडून ढोकांकडे गेल्या.

"या नं बाई," म्हातारे गुणवंत ढोक पडवीतून म्हणाले. "काय आणलं माह्यासाठी?"

"काही नाही. गादी भरून घ्यायची होती."

आत कूलरची वायर खिळ्याला गुंडाळलेली होती. तिच्याखाली छातीइतका उंच पिंजलेला कापूस. ऋतुजाबाई तिथेच उभ्या राहिल्या. सांगायचं नव्हतं, पण बघून गप्प बसवेना. "ही वायर आजच्या आज बदला," त्या म्हणाल्या. "मी वायरमनला घेऊन येते. आणि कापूस पलीकडच्या खोलीत."

"पंधरा वर्षं झाली बाई त्या वायरले, काही होत नाही."

"माझ्यासाठी करा."

तीस वर्षं दारात येणाऱ्या बाईला नाही म्हणणं ढोकांना जमलं नाही. वायर बदलली. कापूस हलला. आठवड्यानं सावजींचा फोन आला. आता पोलीस येणार, या तयारीनं ऋतुजाबाई सभागृहात गेल्या.

सावजी काचेपाशी एकटेच उभे होते. "ढोकांचा ठिपका गेला," ते म्हणाले. "तुम्ही काय सांगितलंत?"

"काहीही नाही. वायर बदला म्हटलं."

"हे आम्हाला सुचलंच नव्हतं. आम्ही प्रतिनगरात नोटिसा पाठवल्या, निरीक्षक पाठवले. घरी येऊन बसणारं, हट्ट धरणारं ओळखीचं माणूस पाठवलं नव्हतं." त्यांचा चेहरा उजळला होता. "कायदा सांगण्यावर आहे. जाण्यावर नाही. तुम्ही आणखी काही घरी जाल?"

ऋतुजाबाईंना त्या दिवशी रडू आलं, आणि ते सुखाचं होतं. एप्रिल संपेपर्यंत त्या अकरा घरी गेल्या. कुठे चहा घेतला, कुठे पापड लाटायला बसल्या, आणि बसल्याबसल्या गॅसची नळी, काळा पडलेला प्लग, देवघरातल्या समईजवळचा पडदा दाखवत राहिल्या. अकरातले नऊ ठिपके विझले.

उरलेल्या दोनांतलं एक घर पानझाडे गुरुजींचं. ऋतुजाबाईंनी दाखवलेल्या एक्स्टेंशन बोर्डाकडे बघून त्यांनी हसून सोडून दिलं. मेच्या बारा तारखेला दुपारी ते घर पेटलं. जिनिंगपाशी नव्या केंद्राचा पाया खणला जात होता. जुन्या केंद्राचा बंब वीस मिनिटांनी पोचला. गुरुजी वाचले. त्यांच्या पत्नी वाचल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी स्मशानातून परतताना कुणीतरी बोललं की गेल्याच महिन्यात ऋतुजाबाई गुरुजींकडे येऊन गेल्या होत्या. दुसऱ्याला आठवलं, त्या कुठल्याशा गटात आहेत, आगीच्या. तिसऱ्यानं ढोकांच्या वायरीची गोष्ट सांगितली. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या बोरनांदाला कळलं होतं.

पुढच्या सोमवारी ऋतुजाबाई भाजी घ्यायला बाजारात गेल्या. वाटेत पिशवीचा बंद तुटला म्हणून एका घराच्या ओट्यावर टेकल्या. आतली बाई दारात आली, त्यांना पाहिलं आणि किंचाळली. पाच मिनिटांत तिनं सिलिंडर रस्त्यावर आणला. शेजारच्या तिन्ही घरांनी मेन स्विच बंद केले.

"अहो, पिशवी तुटली म्हणून बसले मी!"

"किती दिवस आहेत बाई?" ती बाई हात जोडून विचारत होती. "तेवढंच सांगा."

कुणी दार लावून घेई, कुणी पायांवर डोकं ठेवी. ढोकांकडे त्या खुलासा करायला गेल्या, तर म्हातारे उठून उभे राहिले आणि बसा म्हणायचं विसरले. "बाई," ते म्हणाले, "तुमचे उपकार हायेत आमच्यावर. पण आता नका येऊ. सून दोन दिवस झाले झोपली नाही."

जूनमध्ये ऋतुजाबाई सावजींसमोर जाऊन बसल्या. "हे मला जमणार नाही. मी थांबते."

सावजींनी काचेकडे बोट केलं. एकशे सत्तर ठिपक्यांचं बोरनांद आता एकाहत्तरवर आलं होतं. "हे तुमच्या सांगण्यानं झालेलं नाही, बाई. तुमच्या धाकानं झालंय. तुम्ही ज्या गल्लीतून जाता, तिथे लोक रातोरात वायरी बदलतात. इतक्या कमी खर्चात इतके जीव वाचवणारं काही मी आजवर पाहिलं नाही."

"मी थांबले तर?"

"लोक पुन्हा निर्धास्त होतात. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चौदा मृत्यू."

"मग सगळ्यांच्याच घरी जाते. म्हणजे कुणाला भीती वाटणार नाही."

"बरोबर. कुणालाच वाटणार नाही. म्हणून कुणी काही बदलणारही नाही. सोळा."

"दुसरं कुणी पाठवा."

"पाठवून पाहिलं. लोक त्याला चहा पाजतात आणि सही देऊन वाटेला लावतात. पानझाडेंच्या घरानंतर ती भीती फक्त तुमच्या चेहऱ्याला चिकटलीय."

"गाव सोडून गेले तर?"

सावजींनी काचेच्या कडेला बोट फिरवलं. "तुम्ही गेलात याचा अर्थ लोक वेगळाच लावतात. वीस."

ऋतुजाबाईंनी काचेखालच्या आपल्या घराकडे पाहिलं. तिथली ऋतुजा खिडकीशी बसलेली असेल. लाख वेळा तिनं उठून जायचा प्रयत्न केला असेल, आणि लाख वेळा कुणीतरी तिला आकडा दाखवला असेल. "सर, मी पोस्टात असताना लोक रस्त्यात थांबवून विचारायचे, माझं काही आलंय का म्हणून. आता माझ्याकडे बघून..."

"मला समजतं," सावजी म्हणाले. त्यांना खरंच समजत होतं, पण त्यानं काही बदलत नव्हतं.

पुढल्या वर्षीच्या आराखड्यासाठी तोच गट पुन्हा बसला. रुळांपलीकडच्या केंद्राची आता गरज उरली नव्हती. तिथले जीव केंद्र न बांधताच वाचत होते. ते केंद्र वगळलं गेलं. त्या जागी एक छोटी ओळ होती: 'श्रीमती तायडे यांची फेरी, आठवड्यातून चार दिवस.' सोबत मानधन, छत्री आणि पाण्याची बाटली.

"माझा विरोध आहे," ऋतुजाबाई म्हणाल्या. "केंद्र बांधा. तिथे माणसं नेमा. मला या जन्मात परत कुणाच्या घरी चहा प्यायचाय."

गटातले अलोणे काका चाळीस वर्षं बँकेत होते. त्यांची पत्रं ऋतुजाबाईंनी वर्षानुवर्षं त्यांच्या हातात दिली होती. ते टेबलाकडे बघत म्हणाले, "बाई, आकडे बघा ना. मागल्या वेळी तुम्हीही आकडे बघूनच हात वर केला होता."

सहा हात वर गेले. ऋतुजाबाईंचा सातवा हात मांडीवरच राहिला.

त्या फिरत राहिल्या. मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार. सावजी सकाळी पत्ता देत. त्या दारात उभ्या राहत, आतल्यांचे चेहरे उतरत, त्या पाणीही न पिता परतत. आता काही सांगावंही लागत नव्हतं. पुढच्या वर्षभरात बोरनांदात आगीनं एकही माणूस मेलं नाही. राज्यभरातून अधिकारी येऊन काचेपाशी उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, असं माणूस आमच्या गावात कसं तयार करता येईल?

मार्चमध्ये ऋतुजाबाईंची मुलगी सानिका बाळंत झाली. मुलगी झाली होती. पहिले बारा दिवस ती दवाखान्यात आणि मग सासरी होती. सानिका फोनवर रोज बोलायची, फोटो पाठवायची, पण ये असं काही म्हणायची नाही. ऋतुजाबाईंनी महिनाभर वाट पाहिली. मग एका सोमवारी, म्हणजे फेरी नसलेल्या दिवशी, त्यांनी मेथीचे लाडू बांधले, डबा भरला आणि बसस्थानकामागच्या तिच्या घराची बेल दाबली. आधी फोन केला नाही. केला असता तर सानिकानं काहीतरी कारण सांगितलं असतं.

दार सानिकानंच उघडलं. खांद्यावर बाळ झोपलेलं होतं, मऊ टोपडं घातलेलं. आईला पाहून तिचे ओठ हसायला हलले आणि तसेच थांबले.

"आई," तिनं हळूच विचारलं, "कुठली खोली?"

"अगं, बाळाला बघायला आलेय मी. लाडू आणलेत."

"खरं सांग. मी कुणाला सांगणार नाही. स्वयंपाकघर का?"

"सानू, तुझ्या घराचं मला काहीच माहीत नाही. नातलगांची घरं आम्हाला झाकलेली असतात. शपथ घेऊन सांगते."

सानिका क्षणभर विचारात पडली. आणि मग ऋतुजाबाईंना कळलं की आपण जगातली सगळ्यात वाईट गोष्ट बोललो. म्हणजे ठिपका असूही शकतो. म्हणजे आईला ठाऊक नसलं, तरी सावजींना ठाऊक असेल, आणि आई आज इथे येईल हेही.

"अहो!" सानिकानं आत हाक मारली. "मेन बंद करा. आई आलीय."

ती बाळाला घेऊन ऋतुजाबाईंना वळसा घालून बाहेर पडली आणि रस्त्यापलीकडे जाऊन उन्हात उभी राहिली. आतला पंखा गरगरत मंदावला. जावई सिलिंडर ओढत बाहेर आले, त्यांनी सवयीनं सासूबाईंना नमस्कार केला आणि सिलिंडर ओढत पुढे गेले. शेजारच्या खिडक्या उघडल्या. दोन घरांनी आपापले मेन बंद केले. बाळ जागं झालं होतं आणि रडत होतं. सानिका पदरानं त्याच्या डोक्यावर सावली धरत होती, पण पदर पुरत नव्हता. अकरा वाजले होते आणि डांबर आत्ताच मऊ लागत होतं.

"आत ने गं तिला," ऋतुजाबाई म्हणाल्या. "ऊन लागेल."

"तू आहेस तोवर कशी नेऊ?" सानिका म्हणाली. ती चिडलेली नव्हती. ती रडत होती.

ऋतुजाबाईंनी डबा ओट्यावर ठेवला. बाळाचं तोंड त्यांना अजून दिसलं नव्हतं. टोपड्याची कड आणि मूठ, एवढंच. त्यांना रस्ता ओलांडून जावंसं वाटलं. त्या गेल्या नाहीत. बाळ लवकर सावलीत जावं म्हणून त्या जमेल तितक्या भराभर चालत गल्लीच्या बाहेर पडल्या, आणि गल्लीतलं एकेक घर त्यांच्या पुढे पुढे अंधारत गेलं.