बोटभर साल

"काहून गा, झाडाचं कातडं सोलून राहिला?"

मार्तंडशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. कॉलेजमागच्या करंजाखाली तो उकिडवा बसला होता, हातात चाकू. मला वाटलं, औषधासाठी साली चोरणारा कोणी असेल. त्यानं वर पाहिलं. आधी डोळे हसले, मग तो.

"चोरी नाही, बाई. एमएस्सीचा प्रयोग हाये."

"झाडाले विचारलं काय?"

"झाडाले नाही... तुम्हाले विचारतो. करू?"

दोन करंज होते. एकाच्या बुंध्याभोवतीची साल त्यानं बांगडीसारखी पूर्ण काढली होती. दुसऱ्यावर तशीच बांगडी, पण एका बाजूला बोटभर साल उभी ठेवलेली.

"पानं साखर बनवतात," तो सांगू लागला. "ते सालीतून खाली उतरते. सालीखाली एक ओला पापुद्रा असते, तो त्या साखरेवर लाकूड घडवते. नव्या पेशी भिंती जाड करतात, टणक होतात... आन् मरतात. मेल्या की झालं लाकूड."

"म्हणजे झाड मेलेल्यांच्या भरवशावर उभं?"

"उभं मेलेल्यांवर. जगते त्या पापुद्र्यावर."

"मग तिकडं बोटभर काहून ठेवली?"

"तेवढ्यातून मुळापर्यंत साखर पोचते. बोटभर पुरते वं."

'तुम्हाले'वरून 'वं'वर तो कधी आला, मला कळलंच नाही. कळलं असतं तरी मी टोकलं नसतं.

हिवाळाभर मी घरी जायची खापरखेड्याची बस सोडत राहिले. त्यानं एकदा माझा हात पहिल्या झाडाच्या बांगडीवर ठेवला. बांगडीच्या वरचा बुंधा फुगला होता.

"साखर इथंच अडकली, म्हणून इथंच लाकूड वाढलं," तो म्हणाला.

"आन् खाली?"

"खाली उपास."

त्याचा हात माझ्या हातावरच राहिला. दोघांनीही काढला नाही...

उन्हाळ्याच्या तोंडावर पहिला करंज वेड्यासारखा फुलला. खाली फिक्या जांभळ्या फुलांचा सडा. त्यातच उभं राहून तो म्हणाला, "घरी बोललो. बाबा तयार हायेत."

मी हसून त्याच्याकडे पाहिलं.

"पण..." तो अडखळला.

"पण काय?"

"तुले घरात कोणी काही बोलणार नाही. फक्त... तुह्या घरच्यांनी यायचं नाही. आईनंबी नाही. अन् तूबी तिकडं जायचं नाही."

आम्ही बौद्ध. छप्पन साली माझी आई, भीमाबाई, मला कडेवर घेऊन दीक्षेला उभी राहिली. वीजघराजवळ राख उपसून तिनं मला कॉलेजात धाडलं. आणि मार्तंडच्या बाबांना, काटोलच्या मधुकररावांना, त्यांची संत्री तोडायला आमच्या बायांचे हात चालतात, ओट्यावर त्यांचे पाय चालत नाहीत! सुनेला मात्र घेतील. सोलून.

"हे झाड पाह्य ना," तो अजिजीनं म्हणाला. "वाळलं काय? उलट जास्त फुललं."

"मुळाले विचारलं काय, मार्तंड?"

त्यानंच मला सांगितलं होतं, मुळं साठवलेलं खातात, ते संपेस्तोवर झाड हिरवं दिसतं.

"माही आई वर्षातून एकदा येईल," मी म्हणाले. "ओट्यावर बसंल, तुमच्याच कपात चहा पिईल अन् जाईल. बोटभर साल ठेव. बाकी सगळं सोडून येते मी."

त्यानं चाकू उघडला, मिटला. ओठ हलले. मी वाट पाहत राहिले... एक 'हो' म्हणाला असता तर मी तशीच त्याच्यासोबत चालू लागले असते.

"बाबा आयकणार नाही वं..."

"मी बाबाले नाही, तुले विचारून राहिली."

तो रडला. नुसता रडला. मी पदरानं त्याचे डोळे पुसले, राग असूनही पुसले, आणि बसस्टँडकडे निघाले. चपलेला फुलं चिकटली होती.

पुढच्या वर्षी पहिल्या करंजाला पानं आली ती खुरटी. मग पिवळी पडली. मग काहीच आलं नाही. माळी म्हणाला, पाणी कमी पडलं असेल.

दुसरा अजून उभा आहे. सालीची ती बोटभर पट्टी दोरखंडासारखी फुगून उघड्या लाकडावर दोन्हीकडून पसरत चालली आहे. मी तिच्यावरून हात फिरवला.

मार्तंड खोटं बोलला नव्हता. बोटभर पुरते.