न पळणारे कृमी

“आज पाच वाजता मला काढून टाकणार आहेत,” संशोधक मुलगी म्हणाली. समोरच्या खुर्चीत बसायचंही तिला सुचलं नाही.

वहिनी खासगी गुप्तहेर होत्या. त्यांचे दीर टिपणं घेत, बहुधा नको त्या गोष्टींची.

मुलीने तीन वर्षं मिलिमीटरभर कृमींच्या जनुकांत रसायनाने बिघाड घडवून त्यांची पिलावळ चाळली होती. कडू वासाच्या थेंबापासून कृमी पळतात. चाळीस हजारांत एकच जागचा हलला नाही. त्याचा बिघाड सापडला, की वासाचा निरोप कोणत्या वाटेने स्नायूंपर्यंत जातो ते कळणार होतं.

काल समितीसमोर त्याची पिल्लं जवळपास सगळी पळाली. बनवेगिरीचा ठपका ठेवून समितीने त्या कृमींची प्लेट सील केली.

प्रयोगशाळेत प्लेट ठेवायच्या कपाटाच्या चाव्या मुलीखेरीज तिघांकडे होत्या.

“मी आठवडाभर परदेशी होतो, परवा आलो,” प्रमुख घड्याळ बघत म्हणाले.

म्हाताऱ्या मदतनिसांनी कप दोन्ही हातांनी धरला होता, तरी तो बशीवर वाजत होता. “पोरगी खोटं करणारी नाही, बाई.”

तिचा सीनियर संशोधक मोकळेपणाने बोलला. “हे कृमी उभयलिंगी. जोडीदाराशिवाय पिल्लं होतात, तीन दिवसांत मोठी. पसरट शेपटीचा नर हजारात एखादा. मला ते मुद्दाम वाढवावे लागतात.”

वहिनींनी सील काढायला लावलं. “भाऊजी, सूक्ष्मदर्शकातून शेपट्या मोजा.”

भाऊजींनी पन्नास मोजल्या. “निम्म्या पसरट आहेत, वहिनी. पण त्याचं काय?”

“म्हणजे निम्मे नर. एकट्या आईच्या पिल्लांत नर हजारात एखादा, नर बाप असला तरच निम्मे; म्हणजे या पिल्लांना बाहेरचा बाप मिळालाय. त्याच्या धडधाकट जनुकाने आईचा बिघाड झाकला. पिल्लं मोठी झालीत, म्हणजे नर टाकले तेव्हा प्रमुख परदेशी होते. कप न पेलणाऱ्या हातांना एवढासा कृमी उचलता येणार नाही. उरले नर पाळणारे.”

सीनियरचा चेहरा पडला. “पाच वर्षं मी तेच जनुक शोधतोय. तिला आधी मिळालं, ते बघवलं नाही.”

मुलगी मात्र ताडकन उठली. “सर, बिघाड गेलेला नाही, झाकलाय. यातले उभयलिंगी वेगळे वाढवते. त्यांच्या पिल्लांत चौथा हिस्सा पळणार नाही. पाच दिवस द्या.”

प्रमुखांनी दिले.

पाचव्या दिवशी समितीसमोर शंभर कृमींपुढे थेंब पडला. अध्यक्षबाईंनी स्वतः दोनदा मोजलं.

“सव्वीस जागचे हलले नाहीत,” त्या म्हणाल्या, आणि बडतर्फीचं पत्र प्रमुखांनी आपल्या हाताने फाडलं.

 मुलगी बारीक तारेने ते सव्वीस एकेक करून नव्या प्लेटवर ठेवायला लागली.