खिशातले हात

पाच महिन्यांपूर्वी बसला करकचून ब्रेक लागला, तिच्या मांडीवरची स्केचवही खाली आपटली आणि पानं सुटली. स्टॉपसमोरच बाइंडरचं दुकान होतं. तेव्हापासून तिच्या वह्या फारच वरचेवर फाटू लागल्या होत्या.

काल मात्र कहर झाला. प्रदर्शनात मांडायला दहा वर्षांच्या चार जुन्या वह्या शिवून हव्या होत्या. घाईघाईत तिने अख्खा गठ्ठाच त्याच्याकडे टाकला. घरी येऊन पाहते तो काय... निळी वहीही गेलेली! आणि निळ्या वहीत पानोपानी तोच होता. त्याला राग आला तर? ‘पुन्हा येऊ नका’ म्हणाला तर?

सकाळी दुकान उघडताच ती दारात हजर.

“वह्या द्या. जशा असतील तशा!”

“शिवून झाल्या,” तो मान वर न करता म्हणाला.

म्हणजे निळीही उघडली गेली होती!

“पानांवर तारखा घालत जा हो, घाईबाई. सुटी पानं लावायची कशी? शेवटी हात बघून लावली.”

“हात?”

“पहिल्या वहीत माणसांना हातच नाहीत. कुणाचे खिशात, कुणाचे पाठीमागे. एका आजीबाईंचे तर चक्क पिशवीत!”

ती ओशाळली. हात काढता येत नाहीत, ही तिची जुनी दुखरी नस. इतकी वर्षं लपवलेली चोरी या माणसाने एका दिवसात पकडली होती.

“तिसऱ्या वहीत बोटं दिसतात. गाजरासारखी, पण दिसतात. चौथीत बरी. आणि निळ्या वहीत...”

संपलं, तिला वाटलं. आता दुसरा बाइंडर शोधा.

“...नुसते हातच. सुई धरलेले, खळ लावणारे. डाव्या अंगठ्यावर व्रण असलेले.” त्याने अंगठा मुठीत लपवला. “माझे हात इतके चांगले आहेत, हे मला ठाऊक नव्हतं.”

“न विचारता काढले. चुकलंच माझं.”

“चुकलंच! चाळीस पानं हात, आणि चेहरा एकदाही नाही? इतका वाईट दिसतो मी?”

“छे हो! चेहऱ्याकडे बघायची हिंमतच—” तिचे कान तापले होते.

त्याने निळी वही पुढे सरकवली. शेवटी नवी कोरी पानं शिवलेली होती.

“मीही न विचारता घातली. फिट्टंफाट.”

ती स्टुलावर बसली, पेन्सिल काढली. तो समोर उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात खिशात घातले.

“हात बाहेर काढा.”

“नको... थरथरताहेत.”

ती हसली. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि आपला हात पुढे केला. “माझाही थरथरतोय. आण इकडे.”

प्रदर्शनात वह्या चारच मांडल्या गेल्या. निळीचं काम अजून चालू आहे.