परत केलेली वीज

विजेच्या गाड्यांच्या प्रभारणतळावर पाऊल टाकताच मृण्मयीला दिसलं, आजही तेच झालंय.

तळेगव्हाणच्या जुन्या गुरांच्या बाजारात रात्रभर वायरींना जोडलेल्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या. शहराला वीज बेताची, म्हणून प्रत्येक गाडी चाळीस टक्क्यांच्या आसपासच भरलेली. तिच्या गाडीच्या काचेवर मात्र हिरवेगार शंभर.

"वशिला लागतो बाई!" समोरच्या दारात राहणाऱ्या शकुंतलाकाकू हिंगमिरे आपल्या गाडीला टेकून म्हणाल्या. "आम्ही आपले चाळिसावर वाळतोय."

"देवाशपथ काकू, मला काही ठाऊक नाही."

"मी कुठं काय म्हटलं? इथला अभियंता तुझा वर्गमित्र, एवढंच म्हटलं."

मृण्मयीचे कान तापले. ओजसच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा याच काकूंनी तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं होतं, लसीकरणालाही त्याच नेत. आणि आता हे! कडेवरचा ओजस खोकला. तिनं कालपरवासारखीच 'परतावा'ची कळ दाबली. फुकटचं काही ठेवून घ्यायचं नाही, हे आईचं वळण. शेजारची वाटीसुद्धा ती साखर घालूनच परत करायची. तळाच्या साठ्यात वीज परत गेली, आकडा चाळिसावर आला, तेव्हा कुठं तिच्या जिवाला बरं वाटलं. ओजसला पाळणाघरात सोडून तिनं गाडी पुन्हा तळावर वायरीला लावली आणि ती कामाला गेली.

पण संशय काही जाईना. तंत्रनिकेतनात ती वीजशास्त्र शिकवायची. यंत्र उगाच कुणावर मेहेरबान होत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. संध्याकाळी ओजसला पाळणाघरातून घेऊन ती थेट तळाच्या नियंत्रणकक्षात अभियंता रफीककडे गेली.

"रफीक, खरं सांग. हे उपकार तुझे ना?"

"माझं चाललं असतं तर आधी मेव्हण्याची गाडी भरली असती. तो रोज शिव्या घालतो. वीज कुणाला किती, ते हे यंत्र ठरवतं, समतोलक."

"कशावरून?"

"पुढचा प्रवास ओळखून. कोण, कुठं, कुणाच्या गाडीनं जाणार. रोजच्या सवयी, वाटा, गाडीतला कानोसा..."

"कानोसा? तो तर बंद गाडीत मूल विसरू नये म्हणून बसवलाय. श्वास ऐकायला."

"ऐकतोच की. आणि ऐकलेलं समतोलकाला कळवतो." रफीकनं पडद्यावर तिची नोंद उघडली आणि त्याचं हसू मावळलं. "तुझा पुढचा प्रवास, जिल्ह्याचं बालरुग्णालय."

"मी कुठं चाललेय तिथं? साधी सर्दी आहे याला."

"मृण्मयी, ज्या गाड्यांत असा श्वास ऐकू आला, त्या बहुतेक सगळ्या दोन-तीन दिवसांत तिकडेच धावल्यात."

तिनं ओजसच्या छातीला कान लावला. घरघरीच्या खाली एक बारीक शीळ. झबलं वर केलं, तर प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. सर्दी, सर्दी म्हणत आपण हे पाहिलंच नाही?

"माझी गाडी भर. आत्ता!"

"चाळिसावर जिल्ह्यापर्यंत पोचणार नाहीस आणि भरायला तीन तास लागतील. रुग्णवाहिका मागवतो." फोनवर बोलून त्यानं मान हलवली. "ती दुसरा रुग्ण घेऊन गेलीय."

"पण आज दिवसभर गाडी वायरीलाच होती! आजच का नाही भरली?"

तेवढ्यात मैदानातून काकूंची हाक आली. "अगं मृण्मयी, काय हे आक्रीत! माझी गाडी शंभरावर! मी तर कुठंच जाणार नाही!"

रफीकनं काकूंची नोंद उघडली. तिथंही तेच बालरुग्णालय.

"तू रोज परत करतेस, हे समतोलक शिकला," तो म्हणाला. "म्हणून त्यानं तुझी गाडीच सोडून दिली."

मृण्मयी धावत बाहेर आली. काकूंनी एकदा पोराकडे पाहिलं. वायर उपसली, मागचं दार उघडलं. "बस. पदर आवर, दारात अडकेल."

गाडी सुरू होताना रफीकनं खिडकीशी वाकून दोन वाक्यांत सगळं सांगितलं. काकूंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"म्हणजे मीच हिला नेणार, हे त्या यंत्राला सकाळीच ठाऊक? एवढे टोमणे मारले तरी?"

"टोमणे तो धरत नाही काकू," रफीक म्हणाला. "गाडी कुठं जाते, तेवढंच धरतो."