चार नंबरचा मास्क

भूल देताना मी पेशंटला बोलतं ठेवते. गाव कोणतं, शेतात काय लावलंय, असलंच काहीतरी. इंजेक्शन शिरेत गेलं की वाक्य अर्ध्यावर तुटतं, मान कलते आणि मग मी घशात, नळीच्या टोकाला असतो तो श्वासाचा मास्क बसवते. नाशकात एकोणीस वर्षं हेच करतेय. घाई माझ्या अंगातच आहे. ऑपरेशन थिएटरमधल्या आमच्या सिंधुबाई मावशी म्हणतात, "डॉक्टरबाई, तुम्ही माणसाला धड बोलूबी देत नाय."

त्या वर्षी मी दोन मास्कची तुलना करत होते. एक जुना, धुऊन पुन्हा वापरायचा. दुसरा नवा, एकदा वापरून टाकायचा. साठ पेशंट, सगळी आधी ठरवून केलेली ऑपरेशनं. कोणाला कुठला मास्क, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार. शुद्धीवर आल्यावर फॉर्म भरायचा: घसा दुखतो का, आवाज बदललाय का.

ओझरच्या विमान कारखान्यातले शेखर "मी पंखांना रिव्हेट..." म्हणता म्हणता झोपले. त्यांना जुना, चार नंबर मापाचा मास्क होता. दोन दिवसांनी तोच धुऊन फुलं विकणाऱ्या आक्काबाईंना लावला. मास्क काढल्याबरोबर त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "मारायचो. बावीस वर्षं."

"काय मारायचो, आजी?"

त्यांना काही आठवेना. मी हसले. भुलेत माणसं वाट्टेल ते बरळतात. पण झोपताना आक्काबाईंचं वाक्य "दसऱ्याला झेंडू..." असं तुटलं होतं, आणि पुढच्या आठवड्यात तोच चार नंबर काढल्यावर कॉलेजातली दिशा म्हणाली, "समदा भिजला." तेव्हा मला शेखर यांचं अर्धं वाक्य आठवलं. कोणाला बोलले नाही. बाईचं डोकं फिरलं म्हणतील, दुसरं काय!

मग पिंपळगावचे सावळीराम आले, हर्नियासाठी. फॉर्मवर 'रात्रीपासून उपाशी' आणि खाली त्यांच्या मुलीची, पूजाची सही.

"द्राक्षं कशी आहेत यंदा?" मी विचारलं आणि चार नंबर हाताशी ठेवून इंजेक्शन सुरू केलं.

"बाई, थांबा. सकाळी मी..."

मी थांबले नाही.

पंधरा मिनिटांत पोटातलं वर येऊन फुप्फुसांत गेलं. हा मास्क ते अडवू शकत नाही, म्हणून तर पेशंटला उपाशी ठेवतात. तिसऱ्या दिवशी ते गेले.

पूजा आयसीयूबाहेर उभी होती. "बाबा शेवटचं काही बोलले का?"

"नाही," मी म्हटलं. तिने मला बोलही लावला नाही, तेच जास्त लागलं.

सावळीरामांचं ते अर्धं वाक्य मला सोडेना. सकाळी मी काय? पुढच्या सोमवारी सरुबाई नावाच्या पेशंटच्या पाकिटात नव्या मास्कची चिठ्ठी निघाली. मी ती खिशात कोंबली आणि चार नंबर मागितला. लबाडीच होती ती. मला लाज वाटत होती, तरी केली.

सरुबाई शुद्धीवर येऊ लागल्या. मी मास्क काढून कान जवळ नेला.

"चहा घेतला. पूजीनं दिला, पोटाला आधार म्हणून. पोरीला सांगू नका."

चहाला आपल्याकडे कोण खाणं समजतं!

त्याच दुपारी मी तो मास्क कात्रीने कापून कचऱ्यात टाकला. पूजाला काही कळवलं नाही.

सात महिन्यांनी तीच आली. छातीत गाठ होती, काढायची होती. माझी साठावी पेशंट.

"पाण्याचा थेंबही घेतला नाही," ती न विचारता म्हणाली.

मी तिला गाव विचारलं नाही, शेत विचारलं नाही. ती निमूट झोपली. तिच्यासमोरच वेष्टन फोडून नवा मास्क काढला होता, कोरा करकरीत.

ऑपरेशन नीट झालं. मी मास्क काढला. डोळे अजून मिटलेलेच होते.

"सांगितलं नाय ना तिला?"

आवाज पूजाचाच होता.

मी सिंधुबाईंकडे पाहिलं. त्यांनीही ऐकलं होतं.

"नाही," मी म्हटलं.

"बरं केलं."

मग पूजाने डोळे उघडले, घसा खाकरला. "बाई, मी काही बोलले का?"

"नाही."

फॉर्म भरला. घसा दुखतो का: नाही. आवाज बदललाय का, तो रकाना अजून कोरा आहे.