बर्फावरचं वजन

विश्वास ठेवा, नका ठेवू. वाद घालायचं त्राण आता माझ्यात नाही.

पण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. सायबेरियातल्या याकुतियात, लेना नदीवर, डिसेंबरातल्या एका दुपारी.

नदी गोठली की तिच्यावरून ट्रक जातात. बर्फ किती वजन पेलेल, ते आधी आम्ही ठरवतो. मी, कुन्नेय, आणि माझा थोरला भाऊ मिचिल. भोकं पाडायची, जाडी मोजायची. निळा बर्फ पक्का. पांढरा असला तर अर्धाच धरायचा.

त्या दिवशी प्रोकोपी काका डिझेलचा टँकर घेऊन अलीकडच्या काठावर खोळंबले होते. पलीकडच्या गावातलं डिझेल संपत आलं होतं. ते संपलं की घरं उबदार ठेवणारा बॉयलर बंद.

आम्ही पलीकडून मोजत मोजत आलो. अलीकडच्या काठाजवळ शेवटचं भोक पाडलं. मीटरभर जाड, निळाशार बर्फ.

"पेलेल," दादा म्हणाला. "चल, पाठ गेली माझी."

मी सहज मागे पाहिलं...

पार पलीकडच्या भोकातून वाफेचा लोट उठत होता.

जड गाडी आली की बर्फ दबतो, भोकातलं पाणी वर येऊन पसरतं. थंडीत त्याची वाफ होते. त्यात नवल नाही.

पण गाडी नव्हती.

मग त्याच्या अलीकडच्या भोकातून वाफ आली...

मग त्याच्याही अलीकडच्या.

"दादा, काकांनी टँकर घातला का रे?"

"तो काय, काठावरच उभा आहे."

वजनाखाली बर्फ करकरतो. तो करकरत नव्हता.

आमच्या पायाशी पाणी वर आलं. बुटांभोवती पसरलं.

आणि तसंच राहिलं... ओसरेना.

म्हणजे जे आलं होतं, ते पुढे गेलं नव्हतं.

"कुन्नेय," दादा हळूच म्हणाला, "सामान राहू दे. चाल."

काठावर काकांनी विचारलं, "काय रे, सोडू का गाडी?"

"आज नाही," दादा म्हणाला.

"अरे, गावात लहान पोरं आहेत. बर्फ कच्चा आहे का?"

"बर्फ चांगला आहे, काका. पण त्याच्यावर आधीच वजन आहे."

काका हसले नाहीत. त्यांनी फक्त इंजिन बंद केलं.

गावाने ती रात्र शाळेच्या एका खोलीत, एकमेकांना चिकटून काढली. दुसऱ्या दिवशी पाणी खाली गेलं होतं. आम्ही पुन्हा मोजलं. टँकर सुखरूप पलीकडे गेला.

दादाने काम सोडलं. मी अजून करते. दुसरं येतं काय मला?

आजही भोकातलं पाणी चढायला लागलं की मी आधी मान वर करून ट्रक शोधते.

दिसला, की जीव भांड्यात पडतो.

नेहमी दिसतोच असं नाही.