चुकून थेट साइटवर

त्याची आणि माझी ओळख झाली ती माझ्या टेबलाखाली. तो प्लग शोधत वाकला होता आणि मी नेहमीसारखी खुर्ची ओढून बसले, तर पाय थेट त्याच्या बोटांवर. "छान स्वागत करता तुम्ही," बोटं चोळत तो म्हणाला. मी सॉरी म्हणायचं सोडून हसत सुटले.

आमची औषधं घरपोच देणारी वेबसाइट. सगळ्यांनी लिहिलेला कोड एका ठिकाणी जमा व्हायचा आणि तिथून तो हाताने साइटवर चढवायचं काम माझं. ही दोन टोकं जोडायला त्याला बोलावलं होतं. कोड जमा झाला, की मशीनच तो जुळवणार, तपासणार आणि साइटवर चढवणार. माझं काम खायला आलास, असं मी त्याला चिडवायचे. "काम नाही, कंटाळा," तो म्हणायचा. त्याच्या शेजारी बसून शिकताना कसला आलाय कंटाळा... मला तो फार आवडायला लागला होता.

काम संपत आलं. इथेच राहतोस का, असं साहेबांनी त्याला विचारलं होतं. दुसऱ्या शहरातूनही बोलावणं होतं. उद्या तो काय ते सांगणार होता, आणि माझा विचारायचा धीर होत नव्हता.

त्या सकाळी तो काहीतरी महत्त्वाचं समजावत होता. मी त्याचा आवाज ऐकत होते, शब्द नव्हे. तो चहा आणायला गेला, तेव्हा साइटच्या पहिल्या पानाच्या वरच्या ओळीत मी मनातलं टाइप केलं — 'जाऊ नकोस' — आणि जमा करून टाकलं. मी चढवल्याशिवाय ते साइटवर जातंय कुठे, नंतर पुसू.

थोड्या वेळाने आईचा फोन आला. ती बाबांच्या गोळ्या मागवत होती.

"अगं, तुमच्या साइटवर वरतीच 'जाऊ नकोस' असं आलंय. कोण चाललंय?"

मी घाईने साइट उघडली. जोडणी सकाळीच सुरू झाली होती. तो समजावत होता ते हेच.

तो मागे उभा होता, हातात दोन कप, नजर स्क्रीनवर. कप ठेवून हळूच म्हणाला, "मागे घेऊ? एका बटणाचं काम आहे."

"साइटवरून काढ," मी म्हणाले. फोन अजून कानालाच होता. "पण मी... मी मागे घेत नाहीये."

त्याने बटण दाबलं. त्याचे कान लाल झाले होते.

"गेलं बाई ते," आई फोनवर त्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. "आणि तो? थांबला का?"

त्याने माझ्या हातातून फोन घेतला.

"थांबतोय, काकू," तो म्हणाला.